तेलाची परतीची वाट

लंगोटांच्या घड्या घालता घालता सल्वाच्या बोटांना एक कड लागली आणि तिचा हात थांबला. कड दुमडून शिवलेली नव्हती. फाटलेली होती, एका ओढीत, सरळ. सुटे धागे पेरांवर मुंग्या चालाव्यात तसे लागले. तिनं लंगोट खिडकीच्या उजेडात धरला. निळ्या माशांचा होता. एका बाजूची माशांची रांगच नाहीशी झालेली. कडेला नुसती शेपट्यांची टोकं उरली होती. डोकी कुठं गेली, असा वेडगळ प्रश्न तिच्या मनात आला. बाहेर पोर्चमध्ये रिदुआन शीळ घालत होता. शीळ घालत होता म्हणजे शेवटचे बोल्ट आवळत होता. आज दुपारी एंजिन पहिल्यांदा सुरू करायचं. उद्या सकाळी माकला, म्हणजे सासूबाईंना, गावी राऊबला पोचवायला कारकच्या घाटातून जायचं. ह्याच गाडीतून. मागच्या सीटवर माक, तिच्या शेजारी सल्वा, सल्वाच्या मांडीवर हुमैरा. घाटात पुढं लाकडाचे ओंडके लादलेले ट्रक, मागं बसगाड्या, आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये ते एंजिन. तिनं लंगोटाची घडी घातली, फाटकी बाजू आत लपेल अशी. मग परत उघडली.

एंजिन जपानातून आलं होतं, अर्ध्या गाडीसकट. तिकडं मोडीत काढलेल्या गाड्या मधोमध कापतात आणि पुढचा अर्धा भाग बोटीनं इकडं येतो. क्लांग बंदराच्या बाजूला अशा हाफकट गाड्यांची आवारंच्या आवारं आहेत. रिदुआन तिला हौसेनं घेऊन गेला होता. हुमैरा तेव्हा पोटात होती. एकावर एक रचलेली ती गाड्यांची तोंडं बघून सल्वाला मळमळलं होतं. दिवे होते, आरसे होते, स्टिअरिंग होतं, आणि त्याच्यामागं, माणसं जिथं बसतात तिथं, काही नव्हतं. रिदुआननं निवडलेल्या तोंडात, डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यावर, मांजराचा एक स्टिकर होता, लहान मुलानं चिकटवावा तसा वाकडा. ‘हे मूल कुठंय आता?’ असं तिनं विचारलं होतं. रिदुआन एंजिनावर वाकला होता, तिथूनच म्हणाला, ‘मोठं झालं असेल.’ उत्तर अगदी साधं होतं. साध्या उत्तरांवर हा माणूस कसा काय उभा राहतो, हे तिला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. सासरे गेल्यावर त्यांची जुनी गाडी ह्यानं विकू दिली नाही. त्या गाडीत दम नव्हता. घाट चढताना सासरे डावीकडं सरकून अख्ख्या जगाला पुढं जायला वाट देत आणि मागं बसलेला लहानगा रिदुआन लाजेनं खाली वाकून बसे. त्या गाडीच्या छातीत आता हे दुसरं हृदय बसवायचं. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी त्यानं ते पोर्चमध्ये सुटं केलं, डिझेलनं धुतलं, घासलं, नव्या रिंगा घातल्या, नवी बेअरिंगं घातली. एकेक तुकडा धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत मांडायचा. तिला दाखवायचा. गोगलगाईसारखं वळलेलं ते टर्बोचं कवच त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं होतं, आत एक इवलं चक्र. ‘हे बघ, एंजिननं सोडलेला धूर वाया जातो ना, तोच हे चक्र फिरवतो. आणि हे चक्र बाहेरची हवा कोंबून परत एंजिनच्या छातीत भरतं. आपल्याच उच्छ्वासावर दुप्पट श्वास.’ तिनं फुंकर घातली तर चक्र खरंच फिरलं. आवाज नाही, काही नाही. तिला ते आवडलं होतं आणि त्याच क्षणी त्याची भीती वाटली होती.

श्वासाची भीती तर तिच्या घरचीच होती. बाळंतपणाचे पथ्याचे दिवस, पोटाला पट्टा बांधून, अंगाला आल्याचा लेप लावून ती पडलेली असायची आणि कान हुमैराच्या छातीशी. पोर झोळीत झोपली की झोळी जिला टांगलेली ती स्प्रिंग खालीवर व्हायची. ती थांबली की सल्वाचं सगळं थांबायचं. उठून बोट नाकापाशी धरायचं. ओलसर ऊब लागायची. मग परत पडायचं. पुन्हा उठायचं. गॅस बंद केला का? केला होता. दाराला कडी? होती. तापानं फणफणलीय का? नाही. आपण बाटली उकळली, की उकळायची असं फक्त ठरवलं? उकळलेली असायची. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, पहिलं मूल आहे, असं होतंच. मन चावत राहतं, आपण त्याला सांगायचं, आजवर एकदाही खरं ठरलेलं नाही. हे वाक्य सल्वाला पटलं, कारण कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली होती. इतक्या वेळा वाटलं, इतक्या वेळा खोटं निघालं. तेव्हा पुढच्या वेळीही खोटंच निघण्याचा संभव फार मोठा. ती बोट नाकाशी धरायची आणि मनात म्हणायची, आजवर एकदाही खरं ठरलेलं नाही. जपमाळेसारखं. आणि रिदुआन होता, तिला लाडानं यांग म्हणणारा. ‘काही होत नाही, यांग,’ असं म्हणून कुशीवर वळणारा. तिला त्याचा राग यायचा, आणि रागातच त्याच्या पाठीला पाठ लावून तिला झोप लागायची. त्याच्या न ऐकण्याला भिंतीसारखं टेकता यायचं.

पण लंगोट फाटलेला होता.

तिला कुंभारीण माशी आठवली. पोर्चमध्ये एंजिन उघडं पडल्यापासून तिच्या घिरट्या चालू होत्या. बारीक कमरेची, काळीपिवळी, तोंडात ओल्या मातीची गोळी. कुठलंही भोक दिसलं की आत मातीचं घर बांधायचं. रिदुआननं मोठी भोकं फडक्यांनी बुजवली होती आणि प्रत्येक फडक्याचं शेपूट बाहेर लोंबत ठेवलं होतं. शेपूट बाहेर, हा त्याचा नियम, म्हणजे जोडणी करताना विसरायला होत नाही. पण एंजिनच्या कुशीला, खालच्या अंगाला, बोट जेमतेम जाईल असं एक भोक उघडं राहिलं होतं. टर्बोला पाजलेलं तेल त्या वाटेनं परत येतं. हेही त्यानंच सांगितलं होतं. ‘जाताना तेल दाबानं जातं. येताना मात्र फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं. म्हणून परतीची वाट मोकळी पाहिजे. तिथं केसभर अडलं तरी टर्बो मेला.’ एका सकाळी तो कामावर गेला होता. सल्वा कपडे वाळत घालत होती आणि कुंभारीण त्या भोकात शिरताना तिला दिसली. बाहेर आली, उडाली, मातीची गोळी घेऊन परत आली. स्वयंपाकघरात माक लसूण ठेचत होती. माकनं हे पाहिलं असतं तर झालंच. कुंभारणीनं घरात घर बांधलं की बाईला दिवस राहिलेत, हे माकच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक. माकनं आधी तिच्या पोटाकडं पाहिलं असतं, मग हसून राऊबला फोन लावला असता. आणि सल्वाची पाळी लांबलेली होती. फार नाही, थोडीच. पण त्या थोड्याशा दिवसांत तिनं मनातल्या मनात दोन झोळ्यांच्या दोन स्प्रिंगा ऐकायला सुरुवात केली होती. तिनं हातातल्याच लंगोटाची कड दातानं तोडली, चर्र करून पट्टी फाडली आणि बोळा करून भोकात कोंबली. बोटानं. मग चमच्याच्या दांड्यानं, कुंभारणीला उकरून काढता येऊ नये म्हणून आणखी आत. शेपूट ठेवलं नाही. शेपूट दिसलं असतं तर माकनं विचारलं असतं, हे काय?

पाळी दुसऱ्या दिवशी आली. मग बोळा काढला. नक्की काढला. संध्याकाळी खाली बसून भुवया उपटायच्या चिमट्यानं... की काढायचं ठरवलं? चिमटा हातात घेतल्याचं तिला आठवत होतं. पण तो हुमैराच्या पायातला काटा काढायलाही घेतला होता. भोकाचा गार, तेलकट काठ आठवत होता, पण तो कोंबतानाचा असू शकतो. काढलेली पट्टी आठवत नव्हती. काढली असती तर टाकली कुठं? डब्यात? तिनं डोळे मिटून डब्याचं झाकण उघडलं, तर त्यात पट्टी होती. नीट बघायला गेली तर नव्हती. डोळे उघडले. ह्या वर्षात अशी किती झाकणं तिनं उघडली होती.

ती हुमैराला कडेवर घेऊन पोर्चमध्ये आली. फदली आणि सेल्वम येऊन बसले होते, हातात चहाच्या प्लास्टिक पिशव्या, नळ्या खोचलेल्या. दोघं रिदुआनचे शाळेपासूनचे.

‘या काक, तुमच्या सवतीचा आज गृहप्रवेश,’ फदली म्हणाला. मित्राच्या बायकोला तो काक, म्हणजे ताई, म्हणे.

‘सवत कसली, ह्यानं तिला जितकी आंघोळ घातली तितकी स्वतः केली नाही,’ सेल्वम म्हणाला. ‘वास बघ येतोय.’

‘तू मदतीला आलास की चहा प्यायला?’ रिदुआन गाडीखालून म्हणाला. त्याचे पाय तेवढे दिसत होते.

‘मी साक्षीदार आहे. नाही सुरू झालं तर गावभर सांगायला कुणीतरी हवं ना.’

सल्वा वाकली. नवऱ्याला ती अबांग म्हणे. ‘अबांग, ते खालचं भोक होतं ना, तेल परत यायचं...’

‘हं.’

‘त्यात तुम्ही पाहिलं होतं ना? पाईप लावताना?’

‘काय पाहायचं?’

‘काही असलं तर. माती वगैरे.’

‘भोकात अंधार असतो, यांग. अंधार होता.’ तो हसत बाहेर सरकला. गालावर काळा पट्टा. तोंडभर आनंद. इतका आनंद तिनं हुमैरा जन्मली तेव्हा पाहिला होता. ‘काही होत नाही. पोरीला जरा लांब ने, आवाजानं दचकेल.’

बोळा होता, हे सांगायला एका वाक्याचं काम. पण ते वाक्य खरं आहे का, हेच तिला माहीत नव्हतं. सांगावं तर त्यानं सगळं परत उलगडायचं, दोस्तांसमोर, आणि आत काहीच निघायचं नाही. मग फदली जन्मभर ते सांगत सुटणार. रिदुआनच्या खांद्यांचा आकार तेवढा बदलेल. मागच्या महिन्यात तिनं जेवण टाकून त्याला क्लिनिकला पळवलं होतं, हुमैराचे ओठ निळे पडलेत म्हणून. ओठांना निळ्या केकचं क्रीम लागलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कापसानं पुसून दाखवलं. परतताना टॅक्सीत तो काहीच बोलला नाही, आणि तेच तिला रात्रभर ऐकू येत राहिलं. आजवर एकदाही खरं ठरलेलं नाही. ती पायरीवर माकशेजारी उभी राहिली.

‘तोंड का उतरलंय?’ माक म्हणाली.

‘काही नाही, माक.’

‘ह्याचा बाप म्हणायचा, हळूच चालवीन. हा म्हणतो, जोरात चालवीन. बायांनी दोघांच्या मध्ये बसून नुसती दुआ करायची.’

रिदुआननं आधी ठिणगी बंद ठेवून एंजिन नुसतं फिरवलं, तेल सगळीकडं चढावं म्हणून. खर्र, खर्र. सेल्वमनं हात वर केला, तेलाचा दाब आला. मग बिस्मिल्ला म्हणून रिदुआननं किल्ली फिरवली. एंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि लागलं. पोर्चचं पत्र्याचं छप्पर थरथरलं, भिंतीवरची पाल सटकली. आवाज खोल होता, भरीव. सासऱ्यांच्या गाडीतून असा आवाज येईल हे कुणाला खरं वाटलं नसतं. फदलीनं सेल्वमच्या पाठीत धपका घातला. रिदुआन सीटवरच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो रडतोय की काय असं तिला वाटलं. माकनं डोळ्यांना डोक्यावरच्या ओढणीचं टोक लावलं. हुमैरा दचकली नाही. टाळ्या वाजवल्यासारखे हात करू लागली. आणि सल्वानं धूर पाहिला.

गाडीच्या मागच्या नळीतून धूर येत होता. पांढरा, त्यात निळी झाक. ‘येणारच,’ फदली ओरडून सांगत होता, ‘जोडणीचं तेल जळतंय. नव्या एंजिनला नाही आला तर काळजी.’ ते खरंच होतं, रिदुआननंही तिला आधी सांगून ठेवलं होतं. धूर येईल, मग कमी होईल. ती कमी होण्याची वाट पाहू लागली. धूर कुंपणापर्यंत गेला, शेजारच्यांच्या चादरींना लागला. कमी झाला. नाही, वारा फिरला होता. त्याला तळणीत जळणाऱ्या तेलाचा गोडसर वास होता. तिला भोक दिसलं. बाहेरून नव्हे, आतून. जणू तीच आत होती आणि वरून तापलेलं तेल स्वतःच्या वजनानं उतरत तिच्यापाशी येत होतं, आणि ती निळ्या माशांची डोकी घेऊन वाटेत बसली होती, हलायला तयार नव्हती. तेल तुंबत होतं, चक्राभोवती चढत होतं, वाट नाही म्हणून धुराच्या बाजूला झिरपत होतं. नाहीतर बोळा सुटेल, खाली तेलाच्या टाकीत पडेल, पोहत राहील. आज काही होणार नाही. उद्या होईल. घाटात, चढावर, ओंडक्यांच्या ट्रकला मागं टाकताना, टाकीतलं तेल मागं कलंडेल आणि बोळा तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसेल, गालावर हात बसावा तसा. आजवर एकदाही, आजवर एकदाही. हुमैराचा ओलसर श्वास तिच्या गळ्याला लागत होता.

‘बंद करा,’ ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

तिनं पोर माकच्या हातात दिली. पायऱ्या उतरली, सेल्वमच्या पुढून गेली, उघड्या दारातून रिदुआनच्या अंगावरून वाकली, किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

शांतता इतकी झाली की गरम लोखंड टिकटिकताना ऐकू येऊ लागलं.

‘काय झालं?’ रिदुआन म्हणाला.

‘परतीच्या भोकात माझा बोळा आहे. लंगोटाचा. मी कोंबला होता, कुंभारीण घर बांधत होती म्हणून. काढला की नाही, मला आठवत नाही.’

फदली आधी हसला. ‘एंजिनाला लंगोट? काक, अजून ते चालायला लागलं नाही म्हणून का?’ मग त्यानं रिदुआनकडं पाहिलं आणि नळी तोंडात धरली.

‘कुंभारीण?’ माक पायरीवरून म्हणाली. ‘कधी? मला का नाही सांगितलं?’

रिदुआन उतरला. त्याचे खांदे तिला ओळखीचे होते, तसेच झाले होते. त्यानं हात पुसले, आधीच पुसलेले हात परत पुसले. ‘थंड होऊ दे,’ एवढंच म्हणाला. मग सगळे थंड होण्याची वाट पाहत बसले. सेल्वमनं आपली उरलेल्या चहाची पिशवी फाटकाच्या खिळ्याला टांगली. समोरच्या घरातली बाई उगाच झाडांना पाणी घालायला बाहेर आली, आणि पाणी पुरेसं झालं तरी घालत राहिली. सल्वा मुठीत किल्ली धरून भिंतीला टेकून उभी होती. आत काही नसू दे, असं तिला वाटत होतं. म्हणजे गाडी चांगली. आत बोळा असू दे, असंही वाटत होतं. म्हणजे ती वेडी नाही. दोन्ही इच्छा तिनं मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कुठली जड ते तिला कळेना. हे कळेना ह्याचीच लाज वाटली.

रिदुआन गाडीखाली गेला. पाना घसरल्याचा आवाज. एक शिवी, बारीक. पाईप निखळला. तेल ठिबकायला लागलं ते डब्यात, मग काही पडेना. ‘लांब नाकाची पक्कड,’ तो म्हणाला. सेल्वमनं खाली वाकून दिली. बराच वेळ काही नाही. मग त्याचा हात बाहेर आला आणि पकडीत काहीतरी काळं, लिबलिबीत, उंदराच्या पिल्लासारखं. त्यानं ते वर्तमानपत्रावर ठेवून काडीनं उलगडलं. आतल्या घडीला तेल अजून पुरतं पोचलेलं नव्हतं. तिथं निळ्या माशांची डोकी होती, एका रांगेत, तोंडं उघडी.

‘या अल्ला,’ माक म्हणाली.

रिदुआन उकिडवा बसून त्याकडं बघत राहिला. आणि मग हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, पाठीवर पडून, काळे हात छातीवर घेऊन. फदली हसला, सेल्वम हसला. ‘उद्या घाटात गेलं असतं रे,’ सेल्वम म्हणाला, ‘अख्खं गेलं असतं. वर्षभराचं काम.’ रिदुआन उठला आणि त्यानं सगळ्यांच्या देखत, तेलकट हातांनी, तिचं डोकं धरून कपाळावर ओठ टेकवले. तो असं कधी करत नसे. ‘मी पाहिलं नाही,’ तो म्हणाला. ‘काळ्या भोकात काळं काय दिसणार म्हटलं आणि पाईप लावला. तू आली होतीस सांगायला. मी ऐकलं नाही. आता ऐकेन. आता तू म्हणशील ते.’

‘आईच्या मनाला कळतं,’ माक म्हणाली. ‘मी तिला कधी हसले का?’

‘काक, मला पण सांगा,’ फदली म्हणाला, ‘ह्या महिन्यात नोकरी टिकेल का?’

सगळे हसत होते. सल्वाही हसली असावी. तिच्या कपाळावर तेलाचा डाग गार होत चालला होता. त्याच्या आतल्या बाजूला ते वाक्य होतं, रोजचं, गुळगुळीत झालेलं; तिनं सवयीनं त्याच्यावर हात ठेवायला पाहिलं. आजवर एकदाही. पुढचं काही आलं नाही. हात हवेत राहिला. निळे ओठ आठवले, कापसानं पुसलेले. गॅसची कळ, दाराची कडी, उकळलेली बाटली, नाकाशी धरलेलं बोट. ती सगळी खोटी ठरलेली भयं आतापर्यंत एका रांगेत निमूट बसली होती. आता त्यांनी माना वळवून तिच्याकडं पाहिलं. आमच्यातलं एक खरं निघालं, असं जणू ती म्हणत होती. मग दुसरं का नाही? माकच्या कडेवर हुमैरा पेंगत होती, मान मागं टाकून, तोंड उघडं. श्वास चालू होता. इथून दिसत होता. दिसत होता ना?

रिदुआननं पाईप परत बसवला. ह्या वेळी भोकात बॅटरी मारून पाहिलं, फदलीला दाखवलं, सेल्वमला दाखवलं. ताजं तेल भरलं. बॉनेट उघडं ठेवून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. तिला वाटलं, ह्यानं एकदा म्हणावं, काही होत नाही, यांग. पाठ वळवावी आणि म्हणावं.

‘उद्या निघायचं ना?’ त्यानं विचारलं. ‘तू सांग. तू म्हणालीस तरच.’

माक थांबली होती. दोघं मित्र थांबले होते. समोरच्या बाईच्या हातातली पाण्याची नळीही थांबली होती. सल्वानं एंजिनकडं पाहिलं. कितीतरी भोकं होती त्यात, आता सगळी झाकलेली, आणि बाहेर एकाचंही शेपूट नाही. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. किल्ली अजून तिच्याच मुठीत होती, घामानं ओली, आणि ती घ्यायला कुणीही हात पुढं करत नव्हतं.